लष्करहून भाचीला

चि. छकुली हीस,
लष्कर, ग्वाल्हेरहून.

अंकाराहून आलेला तुझा प्रश्न घरात सगळ्यांना वाचून दाखवला. तिथे सैन्याला 'ओर्दू' म्हणतात, काळ्या समुद्राच्या काठी त्याच नावाचं शहर आहे, मग आपली उर्दू ती हीच का, असं तू विचारलंस. हो, तीच. आणि हे सांगायला लष्करात जन्म गेलेल्या माणसाइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात कुल तिगिन नावाच्या तुर्क राजपुत्राचा शिलालेख आहे, इ. स. 732 चा. तो त्याच्या थोरल्या भावाने, बिल्गे खानाने, कोरवून घेतला. त्यात एका हल्ल्याची हकिगत आहे. ओगुझ टोळ्या ओर्दूवर चालून आल्या. कुल तिगिन पांढऱ्या घोड्यावर स्वार झाला, नऊ जण लोळवले आणि ओर्दू शत्रूच्या हाती लागू दिली नाही. तो नसता, तर आपली आई, सावत्र आया, बहिणी, सुना दासी तरी झाल्या असत्या, नाहीतर वाटेवर मरून पडल्या असत्या, असं भाऊ सांगतो. म्हणजे बघ, ओर्दूत होतं कोण? घरची बायकामाणसं. ओर्दू म्हणजे राजाचं बिऱ्हाड. अकराव्या शतकात महमूद काश्गरीने तुर्की बोलींचा कोश केला, त्यातही हाच अर्थ आहे. फौज हा अर्थ मागाहून आला, कारण भटक्या राजाचं बिऱ्हाड जिथे पडेल तिथेच त्याची फौज. हाच शब्द मंगोलांकडे गेला, रशियात 'ओर्दा' झाला आणि तिकडून इंग्रजीत झुंडीला 'होर्ड' म्हणू लागले. ज्यांच्यावर ती फौज चालून गेली, त्यांना बिऱ्हाड कुठलं दिसायला!

मोगलांनी मात्र मूळ अर्थ बराचसा सांभाळला. अकबराच्या काही नाण्यांवर टांकसाळीच्या गावाच्या जागी 'उर्दू' असं आहे, कारण नाणी चालत्या छावणीतच पाडली जात. जहांगीरच्या नाण्यांवर तर 'दख्खनच्या वाटेवरची उर्दू' असंही सापडतं. पुढे शाहजहानचं नवं दिल्ली शहर 'उर्दू-ए-मुअल्ला' झालं, म्हणजे थोर छावणी, आणि तिथल्या बोलीला 'उर्दू-ए-मुअल्लाची जबान' म्हणू लागले. ते लांबलचक नाव झिजत झिजत अठराव्या शतकाच्या शेवटी नुसतं 'उर्दू' उरलं. त्याआधी तिला हिंदी, हिंदवी, रेख्ता म्हणत. शिपायांच्या खिचडीतून ही भाषा निघाली, असं आपण शाळेत शिकलो. उर्दूचे समीक्षक शम्सुर रहमान फारुकींनी ते साफ खोडून काढलं आहे आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं. हे नाव शिपायांचं नाही, बादशहाच्या शहराचं आहे.

आणि त्या सुमारास त्या शहरावर निशाण कुणाचं होतं? आपल्या महादजी शिंद्यांचं. 1784 मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी मुखत्यार, केलं आणि तो कारभार महादजींनी चालवला. उर्दूला तिचं आजचं नाव मिळत होतं, तेव्हा दिल्लीच्या आसपास मराठी छावण्या पडलेल्या होत्या. हे मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा ऊर भरून येतो.

1803 मध्ये दिल्ली इंग्रजांकडे गेली, असई आणि लासवारीच्या लढाया झाल्या, सुर्जी अंजनगावचा तह झाला. त्यानंतर महादजींचे वारस दौलतराव यांचा दरबार बरीच वर्षं तंबूतच फिरत होता. इंग्रज रेसिडेंटाच्या तैनातीतला ब्रॉटन 1809 मध्ये या छावणीबरोबर होता, त्याची पत्रं पुस्तकरूपाने छापलेली आहेत. कूच झाली की बिनीवाला पुढे जायचा. जागा पसंत पडली की महाराजांच्या तंबूंसाठी लहानसं पांढरं निशाण रोवायचा. त्या तंबूंना मिळून 'देवडी' म्हणत. मग एकेका बाजाराची निशाणं जमेल तितक्या सरळ रेषेत लागायची. सारं गाव चालत होतं आणि मुक्कामाला पुन्हा तसंच मांडलं जात होतं. 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला मुक्काम पडला, तो मग उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, आणि नाव राहिलं लष्कर.

आमच्या गल्ल्यांची नावं तुला लहानपणापासून पाठ आहेत, पण आता जरा कान देऊन ऐक. 'शिंदे की छावनी'. 'कंपू', म्हणजे महादजींच्या पदरच्या युरोपी सेनानी दि बुआन्यने तयार केलेल्या कवायती फौजेचा शब्द. आपल्या मराठीत तो टोळक्यापुरता उरला, इथे अजून रिक्षावाल्याला सांगून तिथे जाता येतं. 'बक्षी की गोठ', म्हणजे आपला गोट, शत्रूच्या गोटात शिरतो तोच. 'हुजरात पूल', खाशा हुजुरातीची आठवण. युरोपी, मराठी, अरबी, फारसी, सगळ्या छावण्या एका गावात शेजारी शेजारी आहेत. फक्त तुर्की शब्दाची गल्ली नाही, पण त्या शब्दाची भाषा तर गल्लीगल्लीत बोलली जाते.

यातली उलटापालट मला फार मोलाची वाटते. ओर्दू निघाली राजाच्या घरातून आणि तुमच्याकडे फौज झाली. लष्कर निघालं फौजेतून आणि आमच्याकडे राजाचं घर झालं, राजधानी झालं. आणखी एक बघ. तुर्कस्तानात शिपायाला 'अस्केर' म्हणतात ना? तो अरबी 'अस्कर', आणि हा अरबी शब्द फारसी 'लश्कर'वरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे आमचं लष्करही तिथे तुझ्या कानावर रोज पडतं आहे.

इथलं एक मात्र मनाला लागतं. मोठ्या पाटीवर सगळीकडे ग्वाल्हेर. नवी मुलं 'सिटी' म्हणतात. मराठी घरं आटत चालली, आणि जी उरली तीही पत्त्यात लष्कर घालत नाहीत. दोनशे वर्षांचा मुक्काम असा सहज उठवू नये. तू तरी पाकिटावर आधी लष्कर आणि मग ग्वाल्हेर लिहीत जा.

सुट्टीत ओर्दूला जाशील तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात बस. गावाचं नाव कुणाच्या मुक्कामावरून पडलं, ते म्हाताऱ्या दुकानदारांना विचार. पेठा, गल्ल्या, पूल यांची नावं लिहून आण, ऐकू येतील तशी, देवनागरीत. अर्थ आपण दोघं बसून लावू.

मामीने लोकरीचे मोजे पाठवले आहेत.

तुझा,
मामा