उतरलेले पाणी

बदलीचा हुकूम आला तेव्हा सामानाची यादी मी स्वतः केली होती, आणि त्या यादीत कोयत्याचे नाव नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरून निघताना अण्णांनी तो जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या वळकटीत सरकवला. ‘‘क्वार्टरभोवती जागा आहे म्हणतोस ना? मग हा लागेल,’’ एवढेच ते म्हणाले. आजोबांच्या वेळचा तो कोयता. गावच्या लोहाराने घडवलेला, आणि त्याची मजुरी सुगीच्या भातात चुकती केलेली. अण्णांच्या कमरेच्या आकडीत तो मी लहानपणापासून पाहत आलो होतो. माडाची झावळी, फणसाची डहाळी, शेजारच्या कुंपणातील निवडुंग, कशालाच त्याने कधी नाही म्हटले नाही.

असा कोयता घेऊन मी भिलाईस आलो. पोलादाच्या गावी कोयता न्यायचा म्हणजे कोकणात नारळ पाठवण्यासारखेच, असे कचेरीतील मंडळी थट्टेने म्हणाली. मलाही ते पटले होते. सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराचे लोखंडी खनिज तेव्हापासून येथे वितळते आहे. या खनिजाच्या कथेत आपल्या नागपूरचाही एक धागा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपुरास आले असता तेथील संग्रहालयातील भूस्तरांच्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाची खूण दिसली. टाटांचा कारखाना पुढे साकचीस गेला, आणि या डोंगरांना आणखी पन्नास वर्षे वाट पाहावी लागली.

परंतु येथे राहू लागल्यावर ध्यानात आले, की या एवढ्या पोलादात सुरी-कोयत्याचे पोलाद जवळजवळ नाहीच. येथे रूळ होतात, जाड पत्रे होतात, तारेसाठी सळ्या होतात. रुळाच्या पोलादात कार्बन शेकडा ०.६ ते ०.८ असतो. त्याचे पाते उत्तम होईल. पण रूळ सरकारचा, आणि ही गोष्ट केंद्र सरकारच्या कारकुनास कोणी समजावून सांगावी लागत नाही! म्हणून पोलादनगरीतील लोहारदेखील टंगिया नि हँसिया घडवतो तो मोडक्या ट्रकच्या पाट्यांतून.

मागील दिवाळीच्या आधी अण्णांचा फोन आला. भाऊबीज झाली की ते येणार होते. आई गेल्यानंतर ते प्रथमच घराबाहेर पडणार, म्हणून आमच्या घरात मोठी गडबड उडाली. हिने पडदे धुतले. मला कोयता आठवला. तीन पावसाळे तो न्हाणीघराच्या मागे पडून गंजला होता आणि धारेला दोन खांडे पडली होती. अण्णा आल्याबरोबर त्याची चौकशी करणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

कानस घेऊन चार संध्याकाळी बसलो असतो तर काम झाले असते. पण घाई! एका दुकानात विजेवर फिरणारे सहाणेचे चाक होते, तेथे मी तो नेला. दहा मिनिटांत पाते आरशासारखे लखलखले. ‘‘एकदम पतली धार कर दो,’’ हे मीच सांगितले होते, त्यामुळे दोष दुकानदाराचा नाही. धारेच्या कडेने मोरपिशी निळ्या रंगाची एक नागमोडी रेघ उमटली होती. मला ती फारच सुंदर वाटली. घरी येऊन मी ती हिला कौतुकाने दाखवलीही.

दुसऱ्या दिवशी शेवग्याची वाळकी फांदी तोडायला घेतली. तिसऱ्याच घावाला धार कागदाच्या कडेसारखी दुमडली.

आमच्या शेजारी रूळ-कारखान्यातील एक अभियंते राहतात, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांनी ती निळी रेघ पाहिली आणि चष्मा काढून पुसला. वाईट बातमी सांगण्यापूर्वी डॉक्टर करतात तसे. त्यांनी सांगितले ते असे. पोलाद तापवून एकदम बुडवले की ते कमालीचे कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर थोडेसे नरम करावे लागते. घासून स्वच्छ केलेल्या पात्यावर त्या वेळी रंग चढतात : दोनशे वीस-तीस अंशांच्या सुमारास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. प्रत्येक रंगागणिक ठिसूळपणा कमी होतो आणि कठीणपणाही उतरतो. कोठे थांबायचे, तीच विद्या. चाकावर पाते दाबले की पातळ धारेला उष्णता दूर पोचवायला जागाच नसते. ती क्षणात निळी होते आणि त्याही पुढे जाते.

‘‘आणि दुसरे म्हणजे,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही कोयत्याची भाजीची सुरी केलीत.’’ भाजीच्या सुरीला प्रत्येक बाजूने पंधरा-वीस अंशांची धार शोभते. घाव घालायच्या हत्याराला पंचवीस-तीस लागतात, आणि तीही सपाट नव्हे, तर थोडी पोट सुटलेली. म्हणजे धारेमागे बळ राहते आणि लाकूड फाकून पाते त्यात अडकत नाही. अण्णांच्या कोयत्याला ते पोट होते. दोन पिढ्यांच्या हातांनी निसण्यावर राखलेले ते पोट मी दहा मिनिटांत उडवले होते.

स्टेनलेस पोलादाचा नवा कोयता आणावा काय, असाही विचार आला. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी ते पोलाद पुढे आणले. त्यात शेकडा बारा-तेरा भाग क्रोमियम असते, म्हणून ते गंजत नाही. पण नव्या कोयत्याकडे पाहून अण्णा काय म्हणतील? बहुधा काहीच म्हणणार नाहीत, आणि तेच मला नको होते.

शेवटी सुपेल्याच्या बाजूस रस्त्याकाठी बसणाऱ्या एका वृद्ध लोहाराचा पत्ता लागला. त्याची ऐरण म्हणजे हातभर लांबीचा रुळाचा तुकडा. तो कोठून आला हे मी विचारले नाही. त्याने पात्यावरून बोट फिरवले, निळी रेघ पाहिली आणि म्हणाला, ‘‘पानी उतर गे हे, बाबू.’’

मी चमकलोच. आपणही पात्याला पाणी देतो म्हणतो, माणूस पाणीदार म्हणतो, एखाद्याचे पाणी जोखतो. साडेसातशे मैलांवरील या छत्तीसगढी म्हाताऱ्याच्या तोंडी तोच शब्द होता, आणि तो अर्धा कोयत्याला तर अर्धा मला लागू पडत होता.

प्रथम त्याने चाकावर पात्याची पाठ टेकवली. लांब, साध्या, तांबूस ठिणग्या निघाल्या. मग धार टेकवली, अगदी हलकेच. ठिणग्यांना एकदम फुले फुटली, दिवाळीच्या फुलबाजीसारखी. ‘‘पीठ लोहा, मुँह फौलाद,’’ तो म्हणाला. मला अर्थ कळायला वेळ लागला. आजोबांच्या लोहाराने सबंध कोयता पोलादाचा केलाच नव्हता. धक्का सोसायला मऊ लोखंडाची पाठ, आणि चावायला धारेपुरती पोलादाची पट्टी, भट्टीतच एकजीव केलेली. पोलाद महाग असतानाच्या काळातील ती काटकसर. पण काय शहाणी काटकसर! शिल्लक किती पोलाद उरले आहे, एवढेच तो फुलांवरून पाहत होता. अजून बोटाच्या पेराएवढे होते.

या प्रदेशाला लोखंड काही कारखान्याने शिकवले नाही. उत्तरेकडे मैकल डोंगरांतील अगरिया लोक मातीच्या भट्टीत, कोळशावर, पायांनी भाते दाबून लोखंड काढीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक सबंध पुस्तक लिहिले आहे. त्यांच्या लोहासुराविषयी त्यात वाचताना मला आमच्या न्हाणीघरामागे गंजत पडलेल्या कोयत्याची आठवण होऊन ओशाळायला झाले.

लोहाराने करपलेली कड कानशीने उतरवली, पोट पुन्हा साधले, आणि पाते निखाऱ्यांत घातले. त्याच्यापुढे दोन डबे होते, एकात जळके तेल, दुसऱ्यात पाणी. ट्रकच्या पाट्यांना तो तेल देई. ‘‘पुराना लोहा पानी माँगता है,’’ तो म्हणाला, ‘‘फट गया तो हमको मत बोलना।’’ होकार देणे मला जड गेले. तडा गेला तर अण्णांना काय सांगणार होतो? पाते उगवत्या सूर्याच्या रंगाचे झाले. त्याने ते बाहेर काढून केवळ धारेची बाजू पाण्यात धरली. चर्र आवाज झाला. त्यामागून ‘टिक्’ असा आवाज येतो की काय म्हणून मी श्वास रोखून उभा होतो. तो आला नाही. मग विटेच्या तुकड्याने धार घासून तो नुसता पाहत बसला. पाठीतील उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकत होती : पिवळा, तपकिरी, आणि जांभळ्याची चाहूल लागते न लागते तोच त्याने सबंध पाते पाण्यात बुडवले.

अण्णा आले. चहा घेतल्यावर त्यांनी कोयता मागितला. अंगठा धारेवर आडवा फिरवला, पाते डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला.

‘‘दोन सूत उतरलाय,’’ ते म्हणाले.

मी सर्व सांगितले, निळ्या रेघेच्या कौतुकासह. ते रागावले नाहीत. बराच वेळ धारेकडेच पाहत होते. मग म्हणाले, ‘‘पाणी कुणी दिलं?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तेथे घेऊन गेलो. अण्णांना हिंदी जेमतेम येते आणि लोहाराला मराठी मुळीच येत नाही. तरी अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले, कोयत्याची पाठ, मग धार, अशी बोटाने दाखवत काहीतरी विचारू लागले, आणि तो मान हलवत उत्तरे देऊ लागला. कचेरीची वेळ होत आली होती. मी निघतो म्हणालो, तर दोघांपैकी कोणीच वर पाहिले नाही. अण्णांनी भट्टीच्या पंख्याचा दांडा हातात घेतला होता.