नकलेची रुजुवात

पत्रव्यवहाराची नक्कल ठेवावी, ही गोष्ट कोणत्याही मालकास पटवून द्यावी लागत नाही. ती मूळ दप्तरापासून किती अलग असावी, हा प्रश्न काढला की मात्र बैठकीत शांतता पसरते. सिद्धेश्वर-औंढ्याच्या बाजूस हळदीवर प्रक्रिया करणाऱ्या एका लहानशा कंपनीचा मेल सर्व्हर माझ्या देखरेखीखाली आहे, आणि खरेदीदारांशी ठरलेले भाव, प्रयोगशाळेचे अहवाल, माल रवाना झाल्याचे कागद हे सर्व आता त्या पेट्यांतच नांदत असल्यामुळे, मुनीमजींना एके काळी बारनिशीविषयी जी दक्षता वाटे, तीच तेथे बाळगणे मला प्राप्त आहे.

मालकांची पहिली पसंती असते ती शेजारच्या खोलीत क्षणाक्षणाला जुळत राहणाऱ्या दुसऱ्या यंत्राला. एक यंत्र बंद पडले तरी काम थांबू नये, एवढ्यापुरती ती सोय उत्तम. परंतु येलदरी धरणातून सुटलेले पाणी जसे खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येते, तसा पहिल्या यंत्रातील प्रत्येक बदल दुसऱ्यात उतरतो, आणि वरून गढूळ आले तर खाली निवळ राहण्याचे कारण उरत नाही. कोणी पेटी पुसली की ती दोन्हीकडे पुसली जाते. रॅन्समवेअरने कुलूप घातले की दोन्हीकडे पडते. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के खातेदारांच्या पेट्या एकाएकी रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा गुगलपाशी निरनिराळ्या ठिकाणी प्रती असूनही त्यांचा उपयोग झाला नाही, कारण दोष साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतच होता. पत्रे परत आली ती चालू यंत्रणेपासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. एवढ्या धनाढ्य कंपनीस अखेर फितीचा आधार घ्यावा लागला, हे मी शेठजींना ऐकवले; त्यांनी फितीची किंमत विचारली.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक परगावी, हा सर्वश्रुत नियम पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने प्रचलित केला. परगावची प्रत तारेवरून पाठवावी म्हटले तर 300 जीबीचा ऐवज 10 एमबीपीएसच्या लाइनवरून जाण्यास अखंड सदुसष्ट तासांच्या आसपास लागतात, आणि तेही रस्त्याच्या कामावरील जेसीबीने केबल शाबूत ठेवली तर. म्हणून पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर भरून एसटीने नांदेडला नेली, आणि पुढे केवळ दररोजची भर तारेवरून जाऊ लागली.

ही भर वाटते तितकी अल्प नसते. आमच्या सर्व्हरवर पत्रे मेलडिर पद्धतीने, म्हणजे दर पत्रास एक फाइल अशी, साठवली जातात. आणि मुनीमजींनी एखादे पत्र उघडले की त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘वाचले’ अशा अर्थाची खूण लागून नाव पालटते. मजकुराचे एक अक्षरही बदललेले नसते, तथापि केवळ नावावरून मेळ घालणारी सामान्य नक्कल-व्यवस्था त्या फाइलला नवी समजून पुन्हा उचलते, आणि सोमवारी सकाळी साऱ्यांनी साचलेली टपाल वाचून काढली की रात्री निष्कारण ओझे वाहिले जाते. बोर्ग किंवा रेस्टिक यांसारखी, मजकुराचा ठसा पाहून आधीचीच प्रत ओळखणारी साधने मी निवडली ती याच कारणास्तव.

मात्र नकलेची रुजुवात झाल्यावाचून तिच्यावर भरवसा ठेवू नये. आम्ही अधूनमधून एखादे जुने पत्र नावाने मागतो, ते निराळ्या यंत्रावर उतरवतो आणि सोबतचा कागद उघडून पाहतो. एकदा फार जुनी दरपत्रके अक्षरशः शाबूत निघाली, पण ती श्रीलिपीत टाइप केलेली आणि यंत्रावर तो फाँट नाही, त्यामुळे पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटली. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधण्यास आरंभ केला, तेव्हाही दप्तरखान्यांत कागद होते, परंतु मोडी आणि उर्दू वाचणारे मिळवावे लागले. आता जुने फाँट आणि ते उघडणारी सॉफ्टवेअरेही आमच्या नकलेत समाविष्ट आहेत.

किती वेळाचा व्यवहार गमावणे परवडेल, हे मात्र मी ठरवू शकत नाही. तो मालकाचा अधिकार. शेठजींनी हंगामात तासागणिक आणि एरवी रात्री एकदा, असा निवाडा दिला. शेजारच्या खोलीतील यंत्रही त्यांनी घेतलेच.

राहता राहिला नांदेडच्या डिस्कचा सांकेतिक शब्द. तो कागदावर लिहून पाकीटबंद करून येथल्या तिजोरीत ठेवावा, असे मी म्हणालो, तेव्हा मुनीमजींनी चष्मा वर सारून विचारले, “साहेब, आग लागली तर डिस्क नांदेडला वाचेल, पण हा कागद?” त्या पाकिटाची दुसरी प्रत नांदेडलाच, परंतु डिस्क नसलेल्या दुसऱ्या घरी ठेवण्याचे त्याच बैठकीत ठरले.