छत्तीस पावले

यासुनारी कावाबाता १९७२ च्या एप्रिलमध्ये निवर्तले, आणि त्याच्या थोडे आधी त्यांनी एक विलक्षण उद्योग करून ठेवला होता, हे वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या मनातून जाता जात नाही: ज्या ‘हिमदेश’ कादंबरीने त्यांचे नाव जगभर नेले, तिचीच काटछाट करीत त्यांनी मोजक्या पानांची एक कथा करून टाकली. उतारवयात माणसे चीजवस्तूंची निरवानिरव करतात, मृत्युपत्रे लिहितात, दफ्तर आवरतात. परंतु आपली गाजलेली कादंबरीच अशी आवरून ठेवणारा लेखक मला तरी दुसरा ठाऊक नाही. मुळात त्या कृतीचा जन्मही असाच आडवळणाने झालेला. १९३५ साली एका मासिकासाठी त्यांनी एक लघुकथा लिहावयास घेतली, मुदतीत ती पुरी होईना, म्हणून उरलेला मजकूर दुसऱ्या मासिकाकडे गेला, पुढले तुकडे आणखी कुठे कुठे छापले गेले, १९३७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, आणि तरीही लेखकाचे समाधान न झाल्यामुळे आज आपण वाचतो ती आवृत्ती सिद्ध होण्यास १९४८ साल उजाडले. जी कृती इतकी वर्षे वाढत राहिली आणि शेवटी चार पानांत मावूनही जिच्यातले चैतन्य गेले नाही, तिचा कणा असतो तरी कुठे?

माझ्यासारख्याला हा प्रश्न अधिकच टोचतो, कारण ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले तेव्हापासून कथानकाच्या रचनेची महती मराठी लेखकाच्या कानी इतक्या निष्ठेने घातली गेली की, जिचे शेवटचे टोक आरंभाशी सांधलेले नाही ती गोष्ट अपुरी, असा एक अलिखित दंडकच आमच्यात होऊन बसला. त्यामुळे १९२७ साली जपानमध्ये तानिझाकी आणि अकुतागावा या दोन मातब्बर लेखकांत नेमका याच मुद्द्यावरून वाद जुंपला होता हे कळले, तेव्हा शेजारच्या वाड्यातले भांडण कान देऊन ऐकावे तसा मी तो ऐकला. तानिझाकींचे म्हणणे असे की, कथानक ही कादंबरीची वास्तू आहे आणि ती मोडणे म्हणजे कादंबरीने आपला खास अधिकार गमावणे. अकुतागावांचे म्हणणे असे की, जिच्यात कथानक जेमतेम नावालाच आहे अशी कथाही उत्तम असू शकते, किंबहुना काव्याच्या अगदी निकट तीच जाते. त्याच वर्षी जुलै महिन्यात अकुतागावांनी आपले जीवन संपविले आणि वाद निकालावाचून राहिला.

जपानी साहित्याचा संस्कार म्हटला की आपल्याकडे प्रथम हायकूच आठवतो. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजविला याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु गद्य लिहिणाराने हायकूपाशी न थांबता त्याच्या मूळ घराण्याची चौकशी करावी असे मला वाटते. चार मंडळींनी एकत्र बसून जी काव्यशृंखला गुंफावयाची, तिच्या आरंभीची कडी सुटी होऊन पुढे हायकू झाली. छत्तीस कड्यांच्या शृंखलेला ‘कासेन’ म्हणत. चंद्र कुठे उगवावा, फुले कुठे फुलावीत, प्रेमाचा विषय कुठे निघावा, या सर्वांचा बंदोबस्त तीत ठरलेला. परंतु सर्वांत सक्त कलम असे की, तिसऱ्या कडीने दुसरीशी नाते जोडावे आणि पहिलीकडे वळूनही पाहू नये. पहिल्या कडीत नदीकाठची म्हातारी आली, दुसरीत तिच्या हाती दिवा आला, तर तिसरीत तोच दिवा खुशाल एखाद्या चोराच्या हाती जावा. कासेन म्हणजे छत्तीस पावले आणि त्यांतले एकही परतीचे नाही, असे कवी बाशोचे मत त्याच्या शिष्याने नोंदवून ठेवले आहे.

आणि बाशोचे नाव निघालेच आहे, तर त्याच्या सोबत्याची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववणार नाही. १६८९ च्या वसंतात बाशो एदो शहरातल्या आपल्या झोपडीवरील हक्क सोडून उत्तरेच्या दूरस्थ मुलखाकडे पायी निघाला, तेव्हा प्रस्थानापूर्वी मुंडन करून काळी वस्त्रे धारण केलेला सोरा नावाचा शिष्य त्याच्यासमवेत होता. सुमारे पाच महिन्यांच्या त्या यात्रेवरील छोटेखानी पुस्तक बाशोने वर्षानुवर्षे घोटले, १६९४ साली त्याची स्वच्छ नक्कल तयार करविली, आणि त्याच वर्षी तो गेला. छापून निघाले ते १७०२ मध्ये. पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचक त्या प्रवासवर्णनावर विश्वासून राहिले, आणि १९४३ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, सोराची त्याच प्रवासातली रोजकीर्द प्रसिद्ध झाली. सोराच्या ठायी अव्वल कारकुनाची वृत्ती होती: तिथी, पाऊस, मजल किती झाली, मुक्काम कुठे पडला, यजमान कोण. त्याच्या तपशिलाशी गुरूचा ग्रंथ ताडून पाहता जागोजाग तफावत दिसू लागली. निक्को पर्वताच्या पायथ्याशी तिसऱ्या महिन्याच्या तिसाव्या दिवशी उतरलो असे बाशो लिहितो; पण त्या वर्षी तो महिना एकोणतीस दिवसांचाच होता, म्हणजे कवीने ज्या रात्री विसावा घेतला ती रात्र पंचांगातच नाही! वाट चुकून इशिनोमाकी बंदरास पोहोचलो असे तो म्हणतो. सोराच्या नोंदींत वाट चुकल्याचा मागमूस नाही. इचिबुरीच्या मुक्कामी तर कहरच झाला. शेजारच्या खोलीत इसेच्या यात्रेस निघालेल्या दोन गणिका, रात्री कानी पडलेले त्यांचे दुःखाचे बोल, सकाळी या मुंडित प्रवाशांच्या मागोमाग येऊ देण्याची त्यांची अश्रुपूर्ण विनंती, कवीचा नकार, मग मनाला लागलेली चुटपुट आणि तीतून उमटलेली कविता. ती मी सोराला सांगितली व त्याने लिहून घेतली, अशी साक्षही बाशो देतो. सोराच्या कागदांत ना त्या स्त्रिया आहेत, ना ती कविता.

काही अभ्यासक याचा उलगडा असा करतात की, बाशोने हे प्रवासवर्णनही काव्यशृंखलेसारखे गुंफले, आणि शृंखलेच्या क्रमाने त्या जागी प्रेमाची कडी यावयास हवी होती, म्हणून ती आली. मला तो पुरेपूर पटतो, आणि तरीही माझा जीव सोरावर आहे. पुढे यामानाकाच्या उष्ण झऱ्यांपाशी पोटाच्या विकाराने बेजार होऊन तो गुरूला मागे ठेवून निघून गेला. सत्याचा शिरस्तेदारच रजेवर गेला म्हणावयाचा.

शृंखलेचा हा धडा बाजूला ठेवून जपानी वळणाची म्हणून जी गोष्ट आपल्या मासिकांत अधूनमधून येते, तीत धुके असते, चहाचा पेला असतो, मोहोर गळतो आणि नायिका काही बोलत नाही. हा सारा पेहराव झाला. ‘हिमदेश’च्या आरंभी आगगाडीच्या खिडकीच्या काचेत एका मुलीचे मुख उमटते, त्याच्यामागून सांजवेळचे डोंगर सरकतात, आणि दूरचा एक दिवा तिच्या डोळ्यातून पार होतो, या दृश्याचे कथानकाकडे काही देणे नाही, परंतु शेजारच्या दृश्याशी त्याचा पक्का करार आहे. कथालेखकाने घ्यावयाचा तो हा शेजारधर्म. त्यासाठी वाक्ये तोकडी करण्याची किंवा मौनव्रत धरण्याची गरज नाही. आमचे गद्य कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगात वाढलेले, बोलके आहे. त्याने बोलावे, पाल्हाळही लावावा, मात्र प्रत्येक दृश्याला आरंभाच्या कचेरीत हजेरी देण्यास लावू नये.

पाल्हाळाला जपानीत मज्जाव आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तानिझाकींची ओसाकातल्या चार बहिणींची विस्तीर्ण कादंबरी वाचावी. १९४३ मध्ये ती क्रमशः येऊ लागताच युद्धकाळाला न शोभणारी म्हणून लष्करी अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. तानिझाकी घरी बसून लिहीतच राहिले, आणि १९४८ साली ती पूर्ण झाली. तिसऱ्या बहिणीला स्थळे येतात, बघण्याचे कार्यक्रम होतात, नकार जातात, पुन्हा स्थळे येतात. मराठी वाचकाला यातले काहीही समजावून सांगावे लागू नये. अखेर लग्न ठरते, वधू आगगाडीने तोक्योस निघते, आणि तिचे बिघडलेले पोट काही केल्या थांबत नाही, हे सांगून शेकडो पानांची ती कादंबरी संपते. वास्तूचा एवढा कैवार घेणाऱ्या लेखकाने कळसाच्या जागी हे बसविले! अकुतागावा हयात असते तर त्यांनी आपला दावा जिंकल्याचे तत्काळ जाहीर केले असते. आणि तानिझाकींनी शांतपणे उत्तर दिले असते की, हीच वास्तू आहे, नीट मोजून पाहावी. माझा कौल तानिझाकींना.