पुढे चालू

मासिकात क्रमशः येणाऱ्या गोष्टीच्या शेवटी ‘पुढे चालू’ असे दोनच शब्द छापलेले असतात. परंतु बालवाचकाचा जीव त्या दोन शब्दांत जेवढा अडकतो, तेवढा अवघ्या गोष्टीतही अडकत नसेल. कोणा आकाशगामी जीवाने नायकास उचलावे, चित्रात त्याचे पाय भूमीपासून हातभर वर गेलेले दिसावेत आणि प्रकरण तेथेच संपावे! मग तो बिचारा महिनाभर अधांतरी राहतो, आणि त्याच्यासवे वाचकही.

हा प्रकार आजचा नव्हे. फ्रेंच ग्रंथकार ज्यूल व्हर्न ह्याने १८६५ साली तीन मनुष्यांस तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले, आणि तो गोळा चंद्राभोवती फिरत आहे अशा स्थितीत पुस्तक संपविले. त्या तिघांचे पुढे काय झाले, हे कळण्यास वाचकांना १८६९ सालापर्यंत वाट पाहावी लागली. हीच चंद्रप्रवासाची कथा कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून मराठी वाचकांस क्रमाक्रमाने सांगितली. तेव्हा आपल्या पणजोबांनीही हा उपवास केलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आमच्या लहानपणी हा उपवास ‘चांदोबा’ने घडविला. नागी रेड्डी व चक्रपाणी ह्यांनी मद्रास येथे जुलै १९४७ मध्ये हे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत काढले, व १९५२ पासून ते मराठीतही निघू लागले. आता ते बंद पडले आहे. त्यातील वेताळाची गोष्ट त्याच अंकात संपे. वेताळ पुन्हा झाडास लोंबकळे व विक्रमराजा पुन्हा त्यास खांद्यावर घेई. परंतु दीर्घ सचित्र कथा मात्र गोगलगाईच्या गतीने चाले. एका राजपुत्रास पंख असलेल्या मांत्रिकाने पळवून नेले होते. सहा महिने लोटले, तरी तो आकाशातील तुरुंगातच होता.

आमचे घर बडनेऱ्यास, स्टेशनापासून फार दूर नव्हे. वडील वारले तेव्हा थोरला दादा सोळा वर्षांचा होता. त्याने शाळा सोडली व जिनिंगमध्ये काम धरले. हप्ता मिळाला की आईच्या हाती तो देताना काही पैसे बाजूस ठेवी, आणि महिन्याच्या आरंभी अंक घरी येई. धाकटी बहीण व मी दिव्यापाशी बसून वाचत असू. दादा भिंतीस टेकून ऐके. त्याच्या केसांत कापसाचे तंतू असत.

वऱ्हाडात जिनिंगचे काम कापसाच्या हंगामापुरते असते. पावसाळ्यात यंत्रे थांबली की मजुरीही थांबते. १९६९ च्या पावसाळ्यात तसेच झाले. त्या जुलैत माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. व्हर्नच्या गोळ्याप्रमाणे तेही यान फ्लॉरिडातूनच उडाले होते. साऱ्या गावात चंद्राची गोष्ट चालली होती. आमच्या घरी मात्र ऑगस्टचा अंक आला नाही. आम्ही दोघे रडलो नाही, कारण आई स्वयंपाकघरात डब्याच्या तळाशी हात घालून ज्वारीचे पीठ काढीत होती, हे आम्हांस दिसत होते.

त्या रात्री दादा म्हणाला, “मी स्टेशनावर उभ्या उभ्या वाचून आलो. ऐका.” आणि त्याने प्रकरण सांगितले. राजपुत्राच्या खिडकीशी ढग येत. त्याने ते बोटांनी पिंजले, त्यातील सरकी वेगळी काढली, सूत काढून दोर वळला आणि त्या दोरास धरून तो रात्री काळ्या मातीच्या एका वावरात उतरला. ती सरकी त्याने तेथेच पेरली. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. पुढील महिन्यात दादास मालधक्क्यावर थोडे काम मिळाले व अंक आला. आरंभीच्या सारांशात राजपुत्र सुटल्याचे एवढेच होते. दोराचा उल्लेख नव्हता. सारांशात सारेच कसे येणार, अशी आम्ही समजूत करून घेतली.

पुष्कळ वर्षांनी एका स्नेह्याकडे जुन्या अंकांचे बाड हाती आले. त्यात ऑगस्टचा तो अंक होता. मी ते प्रकरण उघडले. त्यात ढग नव्हते, दोर नव्हता, सरकी तर मुळीच नव्हती. दादाने त्या दिवशी काहीही वाचलेले नव्हते. मी त्यास विचारले, तेव्हा तो नुसता हसला व म्हणाला, “अंक नोता आला, म्हून काय गोष्ट थांबवाची?”

छापलेले प्रकरण वाईट नव्हते. परंतु आकाशात कापूस पाहण्यास जिनिंगमध्ये उभा राहिलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगाच हवा. शाळा सुटलेल्या त्या मुलाने आमची गोष्ट सुटू दिली नाही. आज मी चार अक्षरे लिहितो, त्यांचे मूळ त्या रात्रीत आहे.

आजच्या विद्यार्थ्यांस संपूर्ण कथामालिका एका रात्रीत पाहता येते. त्याबद्दल त्यांस दोष देणे योग्य नव्हे. आम्हांस मिळती तर आम्हीही पाहिलीच असती. परंतु दोन अंकांमधील रिकाम्या महिन्यात घरातील माणसांस बोलण्यास जागा असते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, एखादी गोष्ट अर्ध्यावर मिटून ठेवा आणि पुढे काय झाले असेल, ते घरी कोणास तरी विचारा. आणि पालकांस विनंती ही की, त्या वेळी “मला ठाऊक नाही” असे म्हणू नका.