दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण सध्या मनातून जात नाही. उपाशी का? चूल दोन्हीकडे पेटलेली असते. प्रत्येक घराला वाटतं, तो तिकडे जेवला असेल. म्हणजे दोष कुणाचाच नाही. आणि पाहुणा स्वतः का बोलत नाही? भूक लागली म्हणायला आधी कुठल्या तरी एका घरचं असावं लागतं का?

अमरावतीत राजापेठेला, अकोल्यात जठारपेठेत कितीतरी घरांना वर्षातले काही महिने कुलूप असतं. आईवडील अमेरिकेत, लेकीकडे नाहीतर मुलाकडे. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने मिळतात. ग्रीन कार्ड घेतलं, तर वर्षाहून जास्त बाहेर राहिल्यावर तिथला मुक्काम सोडला असं धरलं जाऊ शकतं. इकडे नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. शेजारच्या काकू म्हणतात, "तिथं गेली का इथलं अंगण आठवते, इथं आली का नातू." तिकडे अमेरिकेत एडिसनच्या बागेत त्यांच्या बाकावर एक चिनी आजी येऊन बसतात. दोघींचं बोलणं हातवाऱ्यांचं. दुहेरी नागरिकत्व दोघींच्याही देशात नाही. आपल्याकडे तिकडचे झालेल्यांना २००५ पासून निदान ओसीआय कार्ड मिळतं. चीनमध्ये तसं कार्ड नाही.

पण मला राहून राहून कौंडण्यपूर आठवतं. वर्धेकाठचं रुक्मिणीचं माहेर. आमच्या अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं, असं इथे लहानपणापासून ऐकलेलं. त्या माहेराहून दरवर्षी आषाढीसाठी तिची पालखी पंढरपूरला निघते. लेकीच्या घरचं पाणीही आईबापानं पिऊ नये असं मानणाऱ्या मुलखातून अख्खं माहेर पायी लेकीच्या दारी जातं! मानानं जातं आणि मानानं परततं. परततं म्हणूनच तो मान टिकला असेल का? पालखी तिथेच राहिली असती तर? पण पालखीला वाहायला खांदे असतात, आणि परतीची वाट बघणारं गावही. काकूंच्या घराला कुलूप असतं.

काकूंची लेक तिकडची नागरिक झाल्यापासून म्हणते, आई, आता कायमची ये. मागे कुणी विचारलं असतं तर मी ठाम सांगितलं असतं, आपलं घर सोडू नका. आता रात्री छातीत दुखलं तर काकू कुणाला हाक मारणार, हे मनात येतं आणि तसं म्हणवत नाही. "तू असती तं काय केलं असतं?" त्यांनी परवा विचारलं. नोव्हेंबरचा दाखला होईस्तोवर तरी थांबा, एवढंच मला सुचलं. ते त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, हे अजून ठरवता येत नाही.