मधली खुर्ची

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फटाक्यांपेक्षा मोठा आवाज झाला तो एका प्रश्नावरून. स्पीकर दोन घ्यायचे की सहा?

आम्ही कुडव्याला राहतो. गोंदियाला अगदी लागून. रात्री स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या अंथरुणात ऐकू येतात. अशा ठिकाणी आणखी आवाज पैसे देऊन कशाला आणायचा, असे सौ.चे म्हणणे. पण चिरंजीवांना नोकरीतला पहिला बोनस मिळाला होता आणि त्यांना ‘सराउंड साउंड’ हवा होता. समोर तीन स्पीकर, मागच्या अंगाला दोन आणि धडधडीसाठी एक सबवूफर.

“बाबा, सिनेमातला पाऊस आपल्या पाठीमागे पडतो!”

“आपल्याकडे तो छपरातूनही पडतो. तेवढा पुरे,” मी म्हणालो.

माझा कौल स्टिरिओला होता. ही युक्ती तशी जुनी. सिनेमात नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागी राहतो, हे ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरला खटकले, असे सांगतात. 1931 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन कानांसाठी दोन स्पीकर! ते सात फुटांवर ठेवावेत, दोघांपासून सात फुटांवर आपण बसावे. समभुज त्रिकोण झाला की गायक मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, उभा राहतो.

सहा स्पीकरांची तऱ्हा सिनेमा थिएटरची. 1992 पासून ती डिजिटल होऊन चित्रपटांबरोबर आली आणि मग घरोघर शिरली. सिनेमासाठी ती उत्तमच. पण आमच्या घरात ऐकली जातात गाणी आणि ती बहुतेक दोन स्पीकरांसाठी केलेली. जुनी तर एकाच. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची 56 गीते घरोघर गेली ती रेडिओच्या एकाच कर्ण्यातून. ती सहांत वाटायची म्हणजे एका वाटीचे वरण सहा पानांत वाढण्यासारखे. शिवाय मागचा डावा स्पीकर नेमका स्वयंपाकघराच्या दारात येत होता. सौ.चे मत तिथेच मला पडले.

आम्ही गोंदियाच्या बाजारातून दोन स्पीकर आणले. मी टेप घेऊन मापे घेतली, उघड्या फरशीवर आवाज घुमू नये म्हणून सतरंजी अंथरली, जाड पडदा लावला. त्रिकोणाच्या टोकाला खुर्ची मांडली. खरे सांगायचे तर ती माझ्यासाठीच मनात धरली होती. पण पाडव्याचा दिवस, घरात वडील माणूस. नानांना मानाने मधे बसवले आणि गाणे लावले.

नानांनी थोडा वेळ ऐकले. मग म्हणाले, “गाणं चांगलं आहे रे. पण बासरी बंद काहून केली?”

बासरी चालूच होती. फक्त ती डाव्या स्पीकरमध्ये होती. आणि नानांनी तीस वर्षे राइस मिलमध्ये काढलेली. डावा कान केव्हाच गेला आहे. आवाज कुठून येतो हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. एकच कान उरला की मधोमध उभा राहणारा तो गायक उभाच राहत नाही. मी भिंत मोजली, फरशी मोजली, खिसा मोजला. घरातले कान मात्र मोजायचे राहिले!

नानांनी बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, “आमच्या मंडईच्या दंडारीत ढोलकी मधे अन् माणसं सभोवती. तुम्ही माणूस मधे बसवता अन् ढोलक्या सभोवती मांडता.”

चिरंजीवांनी मुकाट्याने फोनमध्ये ‘मोनो’चा पर्याय शोधला. त्याने दोन्ही स्पीकरांतून तेच, सगळे गाणे येते. मी नानांची खुर्ची उजव्या स्पीकरजवळ, चांगला कान तिकडे होईल अशी फिरवली. पुन्हा गाणे लावले. बासरीची जागा आली तशी नानांची मान हलली.

रात्री चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, सराउंडमध्ये समोरच्या मधल्या स्पीकरमधून मुख्यतः संवाद येतात. तेवढाच मोठा करता आला असता. आजोबांना नाटक-सिनेमातलं बोलणं कळलं असतं.” वादात माझी सरशी झाली होती, पण हा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. यंदाच्या बोनसमध्ये काय घ्यायचे, याबद्दल मी अजून तोंड उघडलेले नाही.

मधली खुर्ची हल्ली रिकामी असते. कधी नाना झोपले की मी मोनो बंद करून तीत बसतो. गायक अगदी समोर येऊन उभा राहतो. मजा येते, नाही असे नाही. पण नाना जागे असले की मी सतरंजीवर त्यांच्या खुर्चीला टेकून बसतो. तिथे दोघांनाही सारखेच ऐकू येते.