हार्दिकचं नाव यादीतून काढ

सिंदी मेघे, वर्धा

प्रिय भाचीबाई,



मुंबई इंडियन्सच्या सगळ्यात तोट्याच्या सौद्यांची तू पाठवलेली यादी वाचली. जोफ्रा आर्चरबद्दल माझं तुझ्याशी भांडण नाही. 2022 च्या लिलावात मुंबईने त्याच्यावर 8 कोटी लावले, आणि त्या मोसमात तो दुखापतीमुळे खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी बुमराह आणि आर्चर दोन टोकांनी टाकतील असं ते स्वप्न होतं. 2023 मध्ये बुमराह पाठीच्या दुखण्याने बाहेर बसला. आर्चर 5 सामने खेळला, 2 बळी घेतले आणि मोसम संपायच्या आत इंग्लंडला परतला. दोघांनी एकत्र एकही चेंडू टाकला नाही. हा सौदा यादीत हवाच.

पण पहिल्या क्रमांकावर हार्दिक पांड्या? काहून बाप्पा?

नोव्हेंबर 2023 चा तो ट्रेड नीट आठव. हार्दिकला गुजरातकडून 15 कोटींवर आणायचं तर मुंबईच्या पर्समध्ये जागा नव्हती. म्हणून कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूला देऊन टाकलं. आदल्याच वर्षी त्याला 17 कोटी 50 लाखांना घेतला होता आणि त्याने पहिल्याच मोसमात 452 धावा केल्या होत्या, हैदराबादविरुद्ध शतकासकट. मग डिसेंबरात रोहितचं कर्णधारपद काढून हार्दिकला दिलं. अहमदाबादेत लोकांनी त्याची हुर्यो उडवली, वानखेडेवर आपल्याच लोकांनी उडवली, आणि संघ 14 पैकी 4 सामने जिंकून दहाव्या क्रमांकावर गेला. एवढं बघून तू त्याला पहिला नंबर दिलास. पण त्याच वर्षी, 2024 च्या 29 जूनला, बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक त्यानेच टाकलं, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. पुढच्या मोसमात, 2025 मध्ये, त्याच्या कर्णधारपदाखाली मुंबई बाद फेरीत पोहोचली. मधल्या काळात त्याचा खेळ बदलला नव्हता. बिघडली होती ती कर्णधारपद बदलायची रीत, आणि तिचं खापर फोडायचं तर ते मालकांच्या खोलीत फोडायला हवं, खेळाडूच्या डोक्यावर नाही.

मला विचारशील तर खरा तोटा दोन वर्षं आधीच झाला होता. 2021 च्या शेवटी प्रत्येक जुन्या संघाला फक्त चार खेळाडू ठेवता येणार होते. मुंबईने रोहितला 16 कोटी, बुमराहला 12, सूर्यकुमारला 8 आणि कायरन पोलार्डला 6 कोटींवर ठेवलं. हार्दिकला मोकळं सोडलं. पोलार्डने 2022 मध्ये 11 सामन्यांत 144 धावा केल्या आणि वर्षाअखेरीस आयपीएलमधून निवृत्ती घेतली. हार्दिक नव्या गुजरात संघाचा कर्णधार झाला आणि पहिल्याच वर्षी करंडक घेऊन गेला. त्या मोसमात मुंबई शेवटची होती, 14 पैकी 4 विजय. ज्याला 2015 मध्ये 10 लाखांत शोधून काढला, घडवला, त्याला सोडून दिलं आणि मग परत आणण्यासाठी ग्रीन गमावला. तुझ्या यादीत ही नोंद नाहीच, कारण त्या दिवशी कोणाचा चेक फाडला गेला नाही. न घेतलेल्या, सोडून दिलेल्या माणसाचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि पैशाच्या खेळात सगळ्यात जास्त बुडतं ते तिथेच.

हे आयपीएलचंच आहे असं नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये बॉस्टन रेड सॉक्स संघाने 1919 च्या डिसेंबरात बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकलं, एक लाख डॉलरला. बॉस्टनने 1918 मध्ये विजेतेपद मिळवलं होतं. पुढचं मिळायला 2004 उजाडलं. त्याच न्यूयॉर्कच्या मेट्स संघाची गंमत वेगळीच. बॉबी बोनियाला नको म्हणून मोकळं केलं तेव्हा त्याचे 59 लाख डॉलर देणं लागत होतं. ते नंतर व्याजासकट देऊ म्हणाले. 2011 पासून दर 1 जुलैला ते त्याला जवळपास 12 लाख डॉलर देतात आणि 2035 पर्यंत देणार आहेत. माणूस शेवटचा खेळला 2001 मध्ये. सावकाराकडे गहाण टाकलेल्या शेताची आपल्याकडची कथा याहून फार वेगळी नसते, एवढंच की इथे फायदा खेळाडूचा झाला.

आता तू पुण्यात राहतेस म्हणून पुण्याचं बोलतो. तोट्याच्या सौद्यांचा खरा इतिहास मुंबईचा नाहीच. मुंबईने चुका केल्या, पण पाच करंडकही घेतले. पुणे वॉरियर्स इंडियाने फक्त चुका केल्या. तू तेव्हा लहान होतीस, निळी जर्सीही तुला आठवत नसेल.

मार्च 2010 मध्ये सहाराने हा संघ 37 कोटी डॉलरला घेतला. त्या वेळी आयपीएलमधला तो सगळ्यात महाग संघ. जानेवारी 2011 च्या लिलावात पुण्याने रॉबिन उथप्पावर 21 लाख डॉलर लावले, युवराजसिंगवर 18 लाख, अँजेलो मॅथ्यूजवर 9 लाख 50 हजार, आशिष नेहरावर 8 लाख 50 हजार. कागदावर बघशील तर वाईट संघ नव्हता. युवराज तर काही महिन्यांतच विश्वचषकाचा मालिकावीर झाला. पण त्या वर्षी 14 सामन्यांत 4 विजय. नेहरा दुखापतीने बाहेर गेला आणि त्याच्या जागी लिलावात कोणीच न घेतलेला सौरव गांगुली आला. 2012 मध्ये युवराज कर्करोगाच्या उपचारांसाठी अमेरिकेत होता, गांगुली कर्णधार झाला, गहुंज्याचं नवं मैदान मिळालं, आणि 16 सामन्यांत पुन्हा 4 विजय. शेवटचे 9 सामने सलग हरले. 2013 मध्ये एकाच मोसमात मॅथ्यूज, रॉस टेलर आणि अ‍ॅरन फिंच असे तीन कर्णधार झाले. 16 सामने, 4 विजय. तिन्ही वर्षं चारच्या पुढे आकडा सरकला नाही. युवराजच्या आजाराला मी खराब सौदा म्हणणार नाही, तो दैवाचा घाला होता. बाकी सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं.

नावं विकत घेतली, संघ घेतलाच नाही. पोळ्याआधी बैलबाजारात गेलेला आपला शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, घरच्या दुसऱ्या बैलाशी जोडी जमेल का याचा विचार करतो. पुण्याने नुसती रंगवलेली शिंगं बघितली. दर वर्षी नवा कर्णधार, नवा बेत. त्याच संघात स्टीव्ह स्मिथ होता, 2012 पासून. त्याच्यातला मोठा फलंदाज कोणाला दिसला नाही. पुढे पुण्याच्याच दुसऱ्या संघाला तो कर्णधार म्हणून लाभला.

आणि 23 एप्रिल 2013. बंगळुरूला ख्रिस गेलने या पुणे वॉरियर्सची जी धुलाई केली ती आजही दाखवतात. 30 चेंडूंत शतक, 66 चेंडूंत नाबाद 175, 17 षटकार. आता ऐक: ज्या 2011 च्या लिलावात पुण्याने उथप्पासाठी 21 लाख डॉलर दिले, त्याच लिलावात गेल अनसोल्ड राहिला होता. कोणालाच तो नको होता. बंगळुरूने एप्रिलमध्ये डर्क नॅनेसच्या जागी त्याला बोलावलं आणि तो त्या मोसमात सर्वाधिक धावा करून गेला. पुणे वॉरियर्स मे 2013 मध्ये बाहेर पडले. सहारा आणि बीसीसीआयचं भांडण फी आणि सामन्यांच्या संख्येवरून होतं, हे खरं. पण मैदानावर 46 पैकी 12 विजय असलेल्या संघासाठी कोण रडणार होतं?

पुण्याच्या दुसऱ्या अवताराने, रायझिंग पुणे सुपरजायंटने, 2017 मध्ये दाखवून दिलं की महाग म्हणजे वाईट असं काही नसतं. बेन स्टोक्सला 14 कोटी 50 लाख दिले. तो त्या मोसमातला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. जयदेव उनाडकटला 30 लाखांत घेतलं. त्याने 24 बळी घेतले. अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने गेला. बघ बरं, मग 2018 मध्ये राजस्थानने त्याच उनाडकटला 11 कोटी 50 लाख दिले आणि 15 सामन्यांत 11 बळी मिळाले. उनाडकटचं काय चुकलं? त्याने थोडीच सांगितलं होतं इतके द्या म्हणून. लिलावात हात वर होतात ते गेल्या वर्षीच्या आकड्यांसाठी, आणि गेलेलं वर्ष पैसे देऊन परत येत नाही.

मॅक्सवेलचंही तसंच. 2013 मध्ये मुंबईने त्याला 10 लाख डॉलरला घेतलं आणि फक्त 3 सामने खेळवलं. पुढच्या वर्षी पंजाबसाठी त्याने 552 धावा केल्या. तरी 2013 चा करंडक मुंबईचाच होता, कारण त्याच वर्षी रिकी पाँटिंगने स्वतः संघाबाहेर बसून कर्णधारपद रोहितकडे दिलं, आणि जॉन राइटच्या नजरेतून बुमराह नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा संघात आला होता. ज्यांच्याकडे असं बघणारा माणूस असतो, त्यांना एखादा मॅक्सवेल वाया गेलेला परवडतो. पुण्याकडे तो माणूस नव्हता.

आपल्या भागातली दोन पोरं घे. वर्ध्यात जन्मलेल्या दर्शन नळकांडेला पंजाबने 2019 च्या मोसमासाठी 30 लाखांत घेतलं आणि नुसतं बसवून ठेवलं. 8 एप्रिल 2022 ला तो गुजरातकडून पहिला सामना खेळला, तोही पंजाबविरुद्धच. लागोपाठ दोन चेंडूंवर दोन बळी: आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा आणि 6 कोटींचा ओडियन स्मिथ. त्याच सामन्यात शेवटचं षटक स्मिथनेच टाकलं आणि राहुल तेवतियाने अखेरच्या दोन चेंडूंवर दोन षटकार मारून सामना नेला. त्या रात्री आमच्या पानठेल्यावर लोक तेवतियापेक्षा दर्शनचंच बोलत होते.

जितेशला 2016 मध्ये मुंबईनेच 10 लाखांत घेतलं होतं. एकही सामना दिला नाही. 2025 च्या मोसमासाठी बंगळुरूने त्याच्यासाठी 11 कोटी मोजले. 27 मे 2025 ला लखनौविरुद्ध 228 धावांचा पाठलाग करताना त्याने 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या, त्याही त्या दिवशीचा कर्णधार म्हणून, आणि आठवड्याभरात बंगळुरूचा पहिला करंडक आला. मुंबईने त्याला असा हातचा घालवला, हे तुझ्या यादीत कुठेच नाही. वर घाल.

चांगली खरेदी कशी करतात हे बघायला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. आमच्या घरापासून नागपूरच्या रस्त्याला लागलं की जामठ्याचं मैदान वाटेतच आहे. विदर्भाकडे आयपीएलसारखी तिजोरी नाही. त्यांनी मुंबईतून वासिम जाफरला बोलावलं, उमेदीची वर्षं मागे टाकलेला. आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळता आलं नव्हतं, म्हणून 2017-18 मध्ये तो मानधन न घेता खेळला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. त्या वर्षी विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि त्या दुसऱ्या वर्षी चाळिशी ओलांडलेल्या जाफरने 1037 धावा केल्या. मग कर्नाटकात जागा उरली नव्हती तो करुण नायर 2023 मध्ये आला. 2024-25 च्या रणजीत त्याने 863 धावा केल्या, केरळविरुद्ध जामठ्यावरच्या अंतिम सामन्यात 86 आणि 135. तिसरा करंडक. या दोघांना घेताना विदर्भाला नाव नको होतं. पोरांच्या ड्रेसिंग रूममध्ये बसून दिवसभर फलंदाजी कशी करायची ते दाखवणारा माणूस हवा होता.

म्हणून आपल्या संघाला मी डोक्यावर घेतोय असं समजू नकोस. 2025 मध्ये करुण कर्नाटकात परत गेला आणि जितेश बडोद्याला. करुणबद्दल माझी तक्रार नाही. तो दोन मोसम खेळला आणि करंडक देऊन गेला. जितेश मात्र इथे घडलेला, भारतासाठी खेळलेला यष्टिरक्षक. त्याला इथे जागा न उरणं हा विदर्भाचा तोट्याचा सौदा आहे, आणि तो करताना एक रुपयाही खर्च झाला नाही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा मामा